आंबेखोलचा तारांकित प्रश्न

"मॅडम, आहात कुठं तुम्ही? सकाळपासून फोन लावतोय."

"कड्यावर आहे साहेब."

"कड्यावर? ऑफिस सोडून कड्यावर काय करताय?"

"तुमच्याशी बोलतेय. खाली ऑफिसात असते तर लागला असता का फोन?"

फोनवर देवकुळे साहेब होते, तालुक्याच्या पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, म्हणजे माझे थेट वरचे साहेब. मी आंबेखोलची ग्रामसेविका. नोकरीला पावणेतीन वर्षं झालेली, अजून कंत्राटी. तीन वर्षं धड गेली की कायम करतात, आणि माझी तीन वर्षं येत्या जूनमध्ये भरत होती. घरी आई रोज विचारायची, "रोहिणी, जून लांब आहे का गं अजून?" ही गोष्ट मार्चमधली. सहा वर्षांपूर्वीची.

"बरं, ऐका," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "तारांकित आलाय."

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे दोन शब्द ऐकले की काय होतं ते इतरांना सांगून कळायचं नाही. आमदार विधानसभेत प्रश्न टाकतो, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर गोळा करायला मंत्रालयापासून खालपर्यंत सगळी उतरंड पळत सुटते. पळता पळता शेवटी ज्याच्या अंगावर येऊन आदळते तो ग्रामसेवक.

"कशावर आलाय?"

"ब्रॉडबँडवर. गावोगावी फायबर नेण्यावर एवढा खर्च केला, तो वाया गेला हे खरं आहे काय, असा. आणि उदाहरण म्हणून तुमच्या गावाचं नाव घातलंय. आता दुसरं गाव मिळालं नाही का त्यांना, सांगा! तक्ता पाठवतोय. सेवा सुरू आहे किंवा कसे, एवढंच लिहायचं. दोन वाजेपर्यंत."

"आणि काय लिहू?"

"काय लिहू म्हणजे? सुरू आहे म्हणून लिहा."

मी समोर बघितलं. कड्याच्या टोकाला बाजीनाना उभे होते. हे आमचे रेशन दुकानदार. हात लांब करून अंगठ्याचं मशीन त्यांनी आभाळाकडे धरलेलं. मागे उन्हात वीसबावीस माणसं बसलेली, निम्मी साठीच्या पुढची. गावात मोबाइलची रेंज नव्हती आणि अंगठा लागल्याशिवाय धान्य द्यायचं नाही असा वरून हुकूम होता. वहीवर सही घेऊन द्यायची सोय बंद झालेली. म्हणून महिन्याच्या महिन्याला अख्खं गाव अर्धा तास चढून वर यायचं, अंगठा लावायचं आणि खाली उतरून धान्य घ्यायचं. पंचायतीच्या ऑफिसात मात्र भिंतीवर फायबरची पांढरी पेटी होती. रेशनचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. पेटी चालू असती तर मशीन बसल्या जागी लागलं असतं. रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीनं आदल्या वर्षीच्या जानेवारीत घाटात केबल तोडली, त्या दिवसापासून पेटीवर पाल बसलेली.

"आली गं आली! आक्का, लाव पटकन!" बाजीनाना ओरडले.

तानूआक्का उठली. सत्तरी कधीच ओलांडलेली, घरात एकटी, त्यामुळे तिच्या ऐवजी अंगठा लावायला दुसरं कुणी नाही. गेल्या पावसाळ्यात ह्याच वाटेवर पाय घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. ती डाव्या हातानं उजवा हात धरून मशीनपर्यंत न्यायची. पोचेपर्यंत मशीनची रेंज गेली.

"गेली," बाजीनाना म्हणाले.

"जाऊ दे की. येईल परत," म्हणत आक्का तिथंच दगडावर टेकली. "मला काय ऑफिसला जायचंय?"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मी नुसती इकडून तिकडे फेऱ्या मारत होते.

साहेबांचा फोन ठेवते तोच दुसरा आला. आमदारांचे पीए, कोणी माने म्हणून.

"ताई, आमदारसाहेबांनी तुमच्या गावाचा प्रश्न उचललाय बरं का. तुम्ही फक्त लेखी द्या की इथं नेट कधी सुरूच झालं नाही. पेटी नुसती शोभेची लावली."

"पण चालू होतं की. पहिले पाचसहा महिने चांगलं चालू होतं. केबल तुटली."

"असू दे हो! 'तुटली' म्हटलं की ते म्हणणार, जोडतो. त्यात दम नाही. 'कधीच नव्हतं' पाहिजे."

"मग जोडू देत की! आम्हाला तेच पाहिजे!"

"ताई, तुम्हाला राजकारण कळत नाही."

"खरंय, नाही कळत," मी म्हणाले आणि फोन कापला.

माझं डोकं असं सटकलं की सांगता सोय नाही. एकाला 'सगळं चालू' पाहिजे, दुसऱ्याला 'काहीच नव्हतं' पाहिजे, आणि इथं म्हातारी मोडक्या हातानं रेंजची वाट बघत बसलीय. मी पर्समधून वही काढली, गुडघ्यावर धरली आणि लिहिलं, 'मौजे आंबेखोल येथील ब्रॉडबँड सेवा केबल तुटल्यामुळे मागील चौदा महिन्यांपासून पूर्णपणे बंद आहे. ग्रामस्थांची, विशेषतः वृद्धांची, अतिशय गैरसोय होत आहे. तातडीने दुरुस्ती व्हावी.' सही केली, शिक्का पर्समध्ये होताच, तो मारला, फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. फोटो जायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत मला फार बरं वाटलं. ऊर भरून आला म्हटलं तरी चालेल.

"काय लिवलं गं?" आक्कानं विचारलं.

"खरं ते लिहिलं."

"लई गुणाची हाय आमची बाई," ती बाकीच्यांना म्हणाली. आणि मी ते कौतुक मुकाट्यानं घेतलं. त्याची आज लाज वाटते.

साहेबांचा उलट फोन आलाच नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. दोन दिवस मी सैरभैर होते. दिवसातून तीनदा कड्यावर जायचे, मोबाइल उंच करायचे, परत खाली. भात करपवला, घरपट्टीच्या पावतीवर भलत्याचंच नाव घातलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की सकाळी अकराला पंचायत समितीत हजर व्हा, आज आपला प्रश्न आहे.

मी पोचले तर हॉलमध्ये टीव्ही लावलेला आणि सगळं ऑफिस त्याच्यापुढं. एरवी टेबलावर न सापडणारे कारकूनसुद्धा खुर्ची धरून बसलेले. देवकुळे साहेब भिंतीला टेकून उभे होते. मीही उभीच राहिले. बसवेचना.

"अध्यक्ष महोदय," आमचे आमदार गरजत होते, "ह्या सरकारनं हजारो कोटी रुपये खर्चून डोंगरात दोऱ्या पुरल्यात. दोऱ्या! माझ्या मतदारसंघातल्या आंबेखोलला म्हाताऱ्या बायकांना रेशनच्या अंगठ्यासाठी कड्यावर चढावं लागतं. कुठे गेला हा पैसा?"

"तुमच्या काळात तर दोऱ्याही नव्हत्या!" समोरून कोणी ओरडलं.

"आमच्या काळात शाळांना छप्पर होतं! आधी छप्पर द्या, मग इंटरनेट द्या!"

"छप्पर तुम्ही खाल्लंत!"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. खाली बसा, खाली बसा, असं अध्यक्ष म्हणत राहिले. आमच्या हॉलमध्ये हशा झाला. आंबेखोल, आंबेखोल असं नाव चालू होतं सारखं. शंभर उंबऱ्यांचं गाव, तालुक्यातल्या निम्म्या लोकांना ते कुठं आहे ते माहीत नाही, आणि विधानसभेत त्याच्या नावानं कागद भिरकावले जात होते.

मंत्री उभे राहिले. शांत माणूस. चष्मा पुसला, घातला.

"अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची माहिती चुकीची आहे. आंबेखोल येथील सेवा सुरू आहे. हे मी मनानं सांगत नाही. तेथील ग्रामसेविकेचे दरमहाचे अहवाल माझ्या हातात आहेत. गेल्या चौदा महिन्यांचे. प्रत्येकावर लिहिलंय, 'सुरू'. प्रत्येकावर सही आहे."

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

आता सांगते. मघाशी सांगितलं नाही, कारण सांगायला जीभ रेटत नव्हती. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही ग्रामसेवक तालुक्याला एक तक्ता पाठवतो. त्यात तीसचाळीस रकाने असतात: हातपंप किती, दिवे किती, शौचालयं किती, अमुक सुरू, तमुक बंद. कोण वाचतं ते? कोणीच नाही. म्हणून आम्ही सगळे एकच करतो. मागच्या महिन्याचा तक्ता घ्यायचा, वरचा महिना बदलायचा, खाली सही करायची. नव्या माणसाला जुना माणूस पहिल्याच दिवशी हेच शिकवतो. मीही तेच करत आले. पेटी लावली त्या महिन्यात मी 'सुरू' लिहिलं होतं, ते खरंच होतं. मग केबल तुटली. माझ्या डोळ्यांदेखत तुटली म्हणा ना, त्याच घाटातून मी एसटीनं येत होते. आणि त्या पाच तारखेला मी महिना बदलला आणि सही केली. पुढच्या पाच तारखेला परत. असं चौदा वेळा. मुद्दाम नाही हो, कोणाचा दबाव नाही, कोणाचा चहासुद्धा प्याले नाही त्यासाठी. नुसती सवय.

टीव्हीवर आमदार टेबल बडवत होते. "अहवाल खोटे आहेत!"

"मग पैज लावा," मंत्री म्हणाले. "येत्या सोमवारी माझ्याबरोबर आंबेखोलला चला. तिथल्या पंचायतीत बसून सभागृहाला व्हिडिओ कॉल लावून दाखवतो."

बाकं वाजली. साहेब भिंतीपासून सुटे झाले आणि मला म्हणाले, "पाटोळे, आत या."

केबिनमध्ये टेबलावर माझे चौदा तक्ते एकावर एक ठेवलेले होते. शेजारी कड्यावरून पाठवलेल्या चिठ्ठीची प्रत.

"बसा."

"नको साहेब."

"यातलं खरं कुठलं?"

"चिठ्ठी."

"मलाही माहितीये ते," साहेब म्हणाले. मला वाटलं होतं चिडतील, पण ते दमलेले दिसत होते. "तुमची चिठ्ठी मी वर पाठवलीच नाही. चौदा 'सुरू' आधीच वर गेलेत, त्यावर एक 'बंद' पाठवून काय झालं असतं? तुमचा गळा कापला गेला असता. पण चिठ्ठी तुम्ही मोबाइलवर पाठवलीत, ती ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली आणि तिथून फुटली. आता माने तिची अधिकृत प्रत मागतोय. म्हणून बोलावलं."

"मग द्या त्यांना. खरी आहे."

"देतो. मग पुढं काय होईल ते ऐका. चौदा महिने बंद असं कागदावर आलं की चौकशी लागते. जबाबदार कोण ते ठरेस्तोवर कोणी केबलला हात लावणार नाही, पुरावा म्हणून. मग नवीन मंजुरी, नवीन निविदा. वर्ष धरा. आणि केबल सुरू असेल, मधेच बिघडली असेल, तर ती नेहमीची देखभाल. उद्या जीप येते, परवा जोडून देतात. सोमवारी मंत्री येणार म्हणल्यावर तर पळत येतील. पण त्यासाठी तुमची चिठ्ठी मागं घ्यायला लागेल."

"मागं म्हणजे?"

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'मी दिलेली माहिती गैरसमजातून व प्रत्यक्ष पाहणी न करता दिलेली असून मासिक अहवालातील माहिती योग्य आहे. झालेल्या बेजबाबदारपणाबद्दल दिलगीर आहे.'

मी तो तीनदा वाचला. म्हणजे जे चौदा वेळा खोटं लिहिलं ते योग्य, आणि जे एकदा खरं लिहिलं तो बेजबाबदारपणा.

"जूनचं काय होईल साहेब?"

"शेरा पडेल. जून जाईल. मी एका वर्षावर निभावून नेईन, त्याहून जास्त माझ्या हातात नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "नाही केलीत सही तरी मी काही म्हणणार नाही. चिठ्ठी खरी आहे, कदाचित तुम्ही सुटालही. पेपरात नाव येईल. केबल मात्र तशीच राहील."

मी खिडकीपाशी गेले, परत आले. पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. पेपरात नाव, 'खरं बोलणारी ग्रामसेविका'. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. आईचा चेहरा आठवला. मग ते आकाशाकडे धरलेलं मशीन आठवलं. आणि त्या ढिगातला सगळ्यात खालचा तक्ता दिसला, केबल तुटली त्या महिन्याचा. तेव्हा एक शब्द बदलला असता, सुरूच्या जागी बंद, तर तेव्हाच येऊन जोडून गेले असते. दोन दिवसांत झालं असतं काम.

मी सही केली. साहेबांनी ती नीट बघितली आणि कागद फायलीत घातला.

"घरी जा आता. जेवा काहीतरी," ते म्हणाले.

स्टँडवर एसटीत बसले तोच मान्यांचा फोन आला. "ताई, तोंडघशी पाडलंत आम्हाला! किती घेतलेत?" मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एसटीतली माणसं मागं वळून बघत होती.

शनिवारी सकाळी खरोखरच जीप आली. तिघेजण. घाटात दोन तास खपले, एवढ्याशा पेटीत केसासारख्या तारा जोडल्या, मग ऑफिसात येऊन पालीला हाकललं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. दुपारपर्यंत अर्धं गाव ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसलं होतं, पुण्यामुंबईच्या पोरांना व्हिडिओ कॉल लावत. रडणं काय, हसणं काय! सोमवारसाठी सरपंचांनी मांडवही घातला. पण सोमवारी कोणी आलं नाही. दोन्ही बाजूंचं आत काय ठरलं देव जाणे, तोवर सभागृहात उसाच्या दरावरून खडाजंगी पेटली होती. आंबेखोलचं नाव परत तिथं कोणी घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात रेशन आलं तेव्हा मशीन दुकानातच होतं. पहिला मान आक्काला द्यायचा असं बाजीनानांनी ठरवलेलं. तिनं डाव्या हातानं उजवा धरून वर आणला, अंगठा टेकवला. टुंग वाजलं. धान्य मिळणार म्हणून बाई बोलली मशीनमधली.

"झालं?" आक्का म्हणाली.

"झालं."

"येवढंच?"

"एवढंच आक्का."

तिनं पिशवी तिथंच ठेवली आणि माझ्याकडे ऑफिसात आली. पदराखालून चार अंडी काढून टेबलावर ठेवली. "तुझ्यामुळं झालं गं बाई. सगळं गाव म्हणतंय. तू सायबाला लिवलंस म्हणून."

मला ते सहन होईना. दोन रात्री झोप नव्हती, जूनचं आईला अजून सांगितलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. तक्ता, महिना बदलणं, चौदा सह्या. तू पडलीस त्या महिन्यातही मी 'सुरू' लिहिलं होतं आक्का, हेही सांगितलं. मला वाटत होतं ती शिव्या देईल. माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलेच असते.

तिला तक्ता म्हणजे काय ते नीट कळलं नसावं.

"म्हंजे बघून न्हाई लिवलंस?" तिनं विचारलं.

"बघून लिहिलं. मागच्या महिन्याचं बघून."

"आन् त्येच्या आधी?"

"त्याच्या मागच्या महिन्याचं."

ती उठली. माझ्या टेबलासमोरची खिडकी तिनं चांगल्या हातानं ढकलून उघडली. समोर कडा होता. अख्खी वाट दिसत होती, ती पडली ते वळणसुद्धा.

"हितनं दिसतं की गं सगळं," आक्का म्हणाली. "मान वर केली असतीस तर दिसलो असतो आमी."